चोच उडालेला पक्षी

बरणीचं झाकण फुटलं नसतं, तर माई त्या गुरुवारी काचसामानवाल्याच्या दुकानात गेलीच नसती, आणि ती फळीही तिच्या नजरेला पडली नसती.

दुकानात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला कपबश्या, उजव्या हाताला बरण्या. माई बरण्यांकडे वळणार तोच मधल्या मांडणीवर, दोन सुऱ्यांच्या मध्ये, भाजी चिरायची एक फळी उभी करून ठेवलेली तिला दिसली. फिकट लाकडाची फळी आणि तिच्यात गडद अक्रोडाचा पक्षी जडवलेला. फांदीवर बसलेला, मान मागे वळवून आपल्याच शेपटीकडे पाहणारा.

फुटकं झाकण माईच्या हातात तसंच राहिलं.

तो पक्षी तिच्या नवऱ्याचा होता. सारं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, तीही चारचौघांत मिस्त्रीच म्हणायची. लाकडात लाकूड बसवण्याचं काम त्यांच्यासारखं आसपास कुणाचं नव्हतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांच्या पक्ष्याची मान माईने डोळे मिटून, नुसतं बोट फिरवूनही ओळखली असती.

तिने फळी उचलून उजेडात धरली. दोनच गोष्टी खटकत होत्या. आपला पक्षी डावीकडे बघतो, हा उजवीकडे बघत होता. आणि मिस्त्रींच्या पक्ष्याची चोच सुईसारखी लांब, थेट शेपटीच्या पिसाला टेकणारी. ह्याची मात्र आखूड आणि बोथट, कुणी चिमटीत धरून मोडल्यासारखी.

"या, या, माई! आज पाय इकडे कसे वळले?" काचसामानवाला गल्ल्यामागून उठला. पन्नाशीचा, चष्मा कायम कपाळावर चढवलेला, बोलायला लाघवी. दर शनिवारी दुपारी चार वाजता पोतं घेऊन तो माईच्या वर्कशॉपवर यायचा. रंध्याच्या कुरळ्या ढलप्या त्याला काचसामान बांधायला लागायच्या. माई त्याला चहा द्यायची.

"ही फळी कुठली रे?"

"ती होय? बाहेरून येतो माल."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"माई, सगळंच सांगितलं तर मी काय खाऊ?" तो हसला. मग जरा पुढे वाकून त्याने आवाज खाली आणला. "एक बोलू? राग मानू नका. हल्ली नक्षी चोरायला कुणाच्या घरात शिरावं लागत नाही. कॉम्प्युटरमधून एक बटण दाबलं की गेली. आता बटण कुणाच्या हाताखाली असतं, ते मी कशाला बोलू? तुमच्या घरचा मामला."

माई झाकण न घेताच घरी आली.

बटण सुनेच्या हाताखाली होतं.

मिस्त्री गेल्यावर दोन वर्षं वर्कशॉपला कुलूप होतं. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्याला पटाशी कधी धरताच आली नाही. कुलूप उघडलं ते सुनेने, आणि दोन महिन्यांत तिथे एक सीएनसी मशीन आणून बसवलं. जेवायच्या टेबलाएवढं, वर इकडून तिकडे सरकणारा एक आडवा दांडा, आणि दांड्याला गरागरा फिरणारं कटर. सून कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, बटण दाबायची, आणि कटर बरोबर तेवढीच खाच कोरायचं. दिवसभर त्याचा आवाज चालू. माईने त्याचं नाव 'कुरकुरी' ठेवलं होतं.

"आई, तिला नावं ठेवू नका, रुसते ती," सून म्हणायची. ठेंगणी, चुणचुणीत मुलगी. केसांच्या गाठीत दोन पेन्सिली खोचलेल्या, गळ्यात, मशीनचा आवाज अडवायला कानांवर लावायचे ते मोठे गोल अडकवलेले. मिस्त्रींच्या जुन्या वहीतल्या नक्ष्या तिनेच एकेक करून मशीनला शिकवल्या होत्या. त्यांच्या फळ्या आता दूरदूर जात होत्या.

काम बघायला मजा यायची, हे माईलाही कबूल होतं. आधी फिकट फळीत पक्ष्याच्या आकाराची खाच. मग गडद अक्रोडाच्या ठोकळ्यावर तोच पक्षी उंच ठेवून बाजूचं सगळं कोरून काढायचं, रबरी शिक्क्यासारखं. मग तो ठोकळा गोंद लावून फळीवर पालथा घालायचा, क्लॅम्पने आवळायचा, आणि दुसऱ्या दिवशी वरचं जादा लाकूड कापून, रंधून टाकायचं. खालून पक्षी उगवायचा.

मिस्त्री हे सगळं हाताने करत. एका पक्ष्याला चार दिवस. ते कामात असताना माई शेजारी स्टुलावर बसून लसूण सोलायची, आणि ते म्हणायचे, "बोलू नकोस, चोच चाललीय." चोच कोरायला अर्धा दिवस. तेवढा अर्धा दिवस माई गप्प. तिच्या आयुष्यात ती एवढी गप्प पुन्हा कधी बसली नाही.

तो पक्षी आला होता खिडकीतून. नवं लग्न, भाड्याची एक खोली, खिडकीला गज नव्हते. रोज सकाळी एक चिमुकला पक्षी चौकटीवर यायचा, उडायच्या आधी मान वळवून बघायचा. "तुला बघतोय," मिस्त्री म्हणायचे. "छे, निघालाय तो," ती म्हणायची. "मग वळून कशाला बघतो?" ह्यावर त्यांचा वाद कधी मिटला नाही. एक दिवस मिस्त्रींनी तो वहीत काढला, आणि मग आयुष्यभर लाकडात.

ती वही माईच्या पलंगाखाली, पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली असायची.

गुरुवारी दुपारी, सून मशीनवर असताना, माईने ट्रंक ओढली. साडीचा तुकडा होता, घडी घातलेला. वही नव्हती.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. आता शंकेला जागाच उरली नाही, असं तिला वाटलं. ह्या घरात दुसरं होतं कोण?

आणि सोमवारी वकिलाकडे जायचं होतं. वर्कशॉप अजून माईच्या नावावर होतं. जागा, मशीन, मिस्त्रींच्या नावाची पाटी, सगळं सुनेच्या नावावर करायचे कागद तयार झाले होते. माईनेच ते काढायला सांगितले होते. उरली होती फक्त तिची सही.

सरळ विचारणं माईच्या स्वभावात नव्हतं. तिने चहातली साखर बंद केली.

"आई, आज साखर राहिली वाटतं," सून म्हणाली.

"राहते कधीकधी. वस्तू जागेवरून जातात ह्या घरात, साखर काय घेऊन बसलीस."

सुनेने कप खाली ठेवून तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि काही न बोलता उठून गेली. गप्प बसली, म्हणजे पाणी मुरतंय, माईने मनाशी पक्कं केलं.

शुक्रवारभर तिने डोळ्यांत तेल घालून पहारा केला. कॉम्प्युटरच्या टेबलाला खाली एक ड्रॉवर होता. त्याला नवंकोरं कुलूप. ते कधी लागलं? पॉलिश कागद शोधायच्या निमित्ताने माई जवळ गेली, तर सुनेने पटकन पडदा बदलला. नक्षीच्या जागी कुठल्याशा डोंगराचं चित्र आलं.

"काय हवंय, आई?"

"काही नाही बाई. डोंगर बघते."

संध्याकाळी सून मागच्या दाराशी उभी राहून नवऱ्याशी फोनवर बोलत होती. आवाज दबका. माई आत तांदूळ निवडत होती. तिने ताट मांडीवरून उचलून दाराशी नेलं आणि तिथे निवडायला घेतलं.

"...नाही, आईंना अजून कळलेलं नाही. ...अरे, कसं सांगणार मी? ...नको नको, सही होईपर्यंत तू एक अक्षर बोलू नकोस."

माईच्या बोटांत एक खडा आला होता. तो टाकायचं तिला भान राहिलं नाही, तो तिने तांदळातच परत सोडला.

ठरलं. सोमवारी वकिलासमोर बसायचं, पेन हातात घ्यायचं आणि खाली ठेवायचं. म्हणायचं, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि चष्मा घरी विसरायचा. पुढचं पुढे. मिस्त्रींचं नाव बाजारात विकणाऱ्या बाईच्या हातात ती मिस्त्रींची पाटी देणार नव्हती.

शनिवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे पोतं भरायला वर्कशॉपवर गेली. राग असला तरी काम चुकवायची सवय नव्हती. कुरकुरी चालू होती. सून कानांवर गोल लावून पाठमोरी उभी.

माईने रंध्याखालच्या ढलप्या गोळा केल्या. मग कोपऱ्यातल्या खोक्यातले बिघडलेले ठोकळे घेतले. दर आठवड्याला दोनतीन तरी निघायचे. ती लांब चोच हा मोठा तापच होता. कटर शेवटच्या टोकाशी आलं की अक्रोडाचा तेवढा कण उडून जायचा. मिस्त्रींच्या हातून दहात एखादा जायचा, कुरकुरीच्याही हातून तसाच. एवढ्या एका बाबतीत माईला मशीनविषयी आपुलकी होती.

हे ठोकळे ती पोत्यात टाकायची, कारण काचसामानवाल्यानेच एकदा सांगितलं होतं, "माई, ती तुटकीमुटकी पण टाका हो. खोक्याच्या कोपऱ्यात टेकू द्यायला बरी पडतात."

एक ठोकळा तिने पोत्यावर धरला. हात थांबला.

ठोकळ्यावरचा पक्षी उजवीकडे बघत होता.

उजवीकडेच बघणार. पालथा घालायचा म्हणून तो उलटा कोरलेला. शिक्क्यावरची अक्षरं असतात तसा. इतकी वर्षं असे पक्षी तिच्या हाताखालून जात होते, पण त्यांची तोंडं कुठे आहेत हे बघायचं कारणच पडलं नव्हतं. आणि ह्याची चोच? उडालेली. आखूड, बोथट, कुणी चिमटीत धरून मोडल्यासारखी.

माई खाली बसली, ढलप्यांच्या ढिगावरच.

ज्याच्याजवळ सुनेची फाइल असेल, त्याच्याजवळ चोच असेल. ज्याच्याजवळ वही असेल, त्याचा पक्षी डावीकडे बघेल. बिनचोचीचा आणि उजवीकडे बघणारा पक्षी जगात फक्त एकाच ठिकाणी मिळत होता, तिच्या हातातल्या पोत्यात. दर शनिवारी, चहासकट.

आणि चहासोबत ती काय काय सांगत आली होती, ते तिला एकेक आठवायला लागलं. "माई, हे काळं लाकूड कुठलं?" अक्रोड. "आणि हे पांढरं?" मेपल. "वर काय लावता, एवढी चकाकी?" तेल आणि मेण, तीन हात. त्याने विचारावं आणि तिने सांगावं. मिस्त्रींविषयी ऐकून घेणारं माणूस तिला दुसरं उरलंच नव्हतं.

"अगं, मशीन बंद कर!"

सुनेला ऐकू गेलं नाही. माईने जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. सून दचकली, कानांवरचे गोल काढले.

"दहा मिनिटं राहिलीत, आई."

"बंद कर म्हणते ना."

कुरकुरी थांबली. माईने ठोकळा तिच्यापुढे धरला. "हा कुठे बघतोय?"

"उजवीकडे. ठोकळ्यात उलटाच असतो ना, आई, पालथा घातल्यावर—"

"ते मला शिकवू नकोस. काचसामानवाल्याच्या दुकानातलाही उजवीकडेच बघतो. आणि त्यालाही चोच नाही."

सुनेने स्टूल ओढून घेतलं आणि ती बसली. "तुम्ही बघितलीत ती फळी?"

"म्हणजे तूही?"

"पंधरा दिवस झाले. एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. तुमच्याच पक्ष्याची चोच एवढी लांब का, म्हणून. काल तुम्ही डोंगर बघितलात ना, त्याच्या आधी तोच पडद्यावर होता." तिने ठोकळा हातात घेतला, फिरवून पाहिला, परत फिरवून पाहिला. "आई गं! मी रोज बघते हे. मला कसं सुचलं नाही?"

"वही कुठाय?"

सून उठली. केसांतल्या पेन्सिलीशेजारून तिने एक बारीक किल्ली काढली आणि ड्रॉवर उघडला. वही तिथे होती, स्वच्छ पांढऱ्या कागदात गुंडाळलेली.

"मला वाटलं, तुम्ही दाखवलीत त्याला."

"मी?" माई कडाडली.

"तुम्ही सगळ्यांनाच दाखवता, आई. मीटर बघायला आलेल्या माणसालाही दाखवली होती. तो बिचारा शूज हातात घेऊन अर्धा तास उभा होता."

माईने वहीवरचा कागद सारखा केला. "आणि सही होईपर्यंत एक अक्षर बोलू नकोस, ते काय होतं?"

"ऐकलंत?"

"कान म्हातारे झालेत माझे, बहिरे नाहीत."

सून बोटाने टेबलावरचा भुसा गोळा करत राहिली. "सहीच्या आधी बोलले असते, तर तुम्हाला वाटलं असतं, सही लवकर व्हावी म्हणून आळ घेतेय. सहीनंतर बोलले असते, तर वाटलं असतं, काम झालं आणि सुनेला तोंड फुटलं. काही केल्या सुचतच नव्हतं मला. म्हणून नुसतं कुलूप लावलं."

"मी तुला चोर ठरवून बसले होते," माई म्हणाली.

"माहितीये. दोन दिवस चहात साखर नाही."

दोघी हसल्या नाहीत. पण माईने दुसरं स्टूल ओढलं आणि ती सुनेशेजारी बसली, पूर्वी लसूण सोलायला बसायची तशी.

मग ती म्हणाली, "त्याला एक पाय वाढव."

"कोणाला?"

"पक्ष्याला. तिसरा. चार वाजायच्या आत होईल?"

"आई, अजूनही खात्री नाही?"

"खात्री मला तुझ्याबद्दलही होती. आता जे मानायचं ते डोळ्यांनी बघून."

साडेतीनपर्यंत तीन पायांचा पक्षी तयार झाला. ह्या खेपेला कटरने चोच व्यवस्थित कोरली होती, सुईसारखी. माईने ती क्षणभर न्याहाळली आणि अंगठ्याने मोडून टाकली.

चारच्या ठोक्याला काचसामानवाला आला. माईने चहा दिला, साखर घालून. पोतं बांधता बांधता त्याची नजर वरच्या ठोकळ्यावर गेली.

"हे नवीन दिसतंय, माई?"

"नवीन कसलं, जुन्या वहीतलं. ह्यांचं फार लाडकं."

"तीन पाय?"

"जाणाऱ्याचे दोन, आणि जाऊ नये म्हणून अडून बसलेला एक," माई म्हणाली. हे तिला ऐन वेळी कसं सुचलं, तिचं तिलाही कळलं नाही. काचसामानवाल्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि मान डोलावली. कोपऱ्यात सून खोकल्यासारखं करून पाठ फिरवून उभी राहिली.

सोमवारी माईने सही केली. खात्री व्हायची वाट पाहिली नाही. चष्मा घेऊन गेली होती. वकिलाकडून बाहेर पडताना सुनेने ड्रॉवरची किल्ली तिच्यापुढे धरली.

"वही तुमची आहे, आई."

"किल्ली तुझ्याकडेच असू दे. माझ्याकडे नको. मी मीटरवाल्याला दाखवते."

तीन आठवडे गेले. माईला अजून बरणीचं झाकण हवंच होतं. ती दुकानात गेली, तेव्हा काचसामानवाला नव्हता. त्याची बायको एका नव्या जोडप्याला माल दाखवत होती. मधल्या मांडणीवर फळी. पक्षी उजवीकडे बघणारा, बिनचोचीचा. खाली तीन पाय, तिन्ही नीट, स्वच्छ बसवलेले.

माईला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती बरण्यांच्या आड सरकली. आता घरी जाऊन सुनेला कधी एकदा सांगते, असं तिला झालं.

"तीन पाय कसे हो?" त्या जोडप्यातली मुलगी विचारत होती.

"त्याची गोष्ट आहे," बायको कौतुकाने म्हणाली. "एक जुने कारागीर होते. नवं लग्न, भाड्याची एक खोली, खिडकीला गज नाहीत. रोज सकाळी हा पक्षी चौकटीवर यायचा, आणि उडायच्या आधी मान वळवून बघायचा. ते म्हणायचे, तुला बघतोय. बायको म्हणायची, छे, निघालाय तो. तर जाणाऱ्याचे दोन पाय, आणि जाऊ नये म्हणून अडून बसलेला हा तिसरा."

"किती गोड!" मुलगी म्हणाली, आणि तिने फळी उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

माईचं हसू तिथल्या तिथे विरलं. तिसरा पाय तिने दिला होता, तो त्याचा त्याला लखलाभ. पण खिडकी तिने कधी पोत्यात घातली नव्हती. ती नुसती बोलली होती, चहा पिता पिता. आणि ती खिडकी इथे दर गिऱ्हाइकापुढे उघडली जात होती.

तिने झाकण घेतलं, बरोबर मापाचं, आणि ती घरी आली. पायांचं सुनेला सांगितलं. सून पोट धरून हसली. मग माईचा चेहरा बघून थांबली. "काय झालं, आई?"

माईने खिडकीचंही सांगितलं.

पुढच्या शनिवारपासून बिघडलेले ठोकळे कुरकुरीखालीच उभे आडवे कापून चुलीत जाऊ लागले. काचसामानवाला आला, की पोतं दाराबाहेर बांधून ठेवलेलं असे. "काय माई, चहा नाही वाटतं?" तो विचारी. "चहा झाला," माई म्हणे, आणि आत येऊन स्टुलावर बसे.

मिस्त्रींच्या गोष्टी ती अजूनही सांगते, पण फक्त सुनेला, मशीन चालू असताना. सुनेने कानांवरचे गोल काढलेले असतात. आणि खिडकीपर्यंत गोष्ट आली, की माई जराशी थांबते, वळून दाराकडे बघते, आणि मगच पुढे बोलते.